सिल्वीताई, तुझा रावान माझ्या शेगडीपाशी

सिल्वीताई, आज सकाळी शेगडी पेटवली, निखारे फुलले, चहा उतरवला, आणि मी जिन्याकडं तोंड करून हाक मारली, "ताई, ये गं, जाळ झालाय!" एवढ्या मोठ्यानं मारली की अंगणात मालकीण आंटी मेथी निवडत होत्या, त्यांचा हात तसाच थांबला.  नुसतं एवढं म्हणाल्या, "सुमन, चाय ठंडी हो रही है बेटा।" मग माझ्या ध्यानात आलं. जिन्यावर कोण येणार आता. जिन्याखाली तुझी सायकल आहे, कॅरियरला गिटार बांधायची निळी दोरी तशीच लोंबतीय, आणि तुझा वाजवायचा रावान माझ्याकडं आहे, शेगडीच्या मागच्या खिळ्याला, धुरानं काळा होईल म्हणून मी त्याला माझी जुनी ओढणी गुंडाळलीय.

चर्चमध्ये सगळ्यांनी तुझ्यावर लिहिलंय, ते सगळं जमा करून पाद्रीसाहेब मॉरिशसला तुझ्या घरी पाठवणार आहेत. पोरांनी हिंदीत लिहिलं, दोघातिघांनी इंग्लिशमध्ये, लई चांगलं लिहिलंय, तू कशी सेवा केलीस, कुठून कुठं आलीस. मला म्हणाले, सुमन, तू मराठीत लिही, तिच्या आजीला मराठी समजतं. मी म्हटलं साहेब मी सातवी शिकलेली, माझ्या काना-मात्रेचं काही खरं नाही. तर म्हणाले, आजीला कोण काना-मात्रा दाखवणार आहे, वाचूनच दाखवणार. म्हणून बसले. पण तुझ्याबद्दल लिहायला गेलं की हात चालत नाही, तुझ्याशी बोलायला लागलं की चालतो. आपलं बोलणं अर्धं राहिलंय ना. बोलणं कसलं, भांडणच.

तू पहिल्यांदा खाली आलीस ते आठवतं का. तेव्हा आम्हाला लखनौला येऊन वर्ष पण झालं नव्हतं. आमचे हे साखर कारखान्याची मशीनं बसवणाऱ्या कंपनीत फिटर, सीझन लागला की सीतापूर, लखीमपूर, तिकडंच. मी जानकीपुरमच्या ह्या मागच्या खोलीत एकटी, पोटात रुथी. आजूबाजूला अर्धे प्लॉट मोकळे, धुकं असं की अंगणातला नळ दिसायचा नाही. आणि मी कशी घाबरट ते तुला काय सांगायचं. कुकरच्या शिट्टीला घाबरायची, रिक्षावाल्याशी बोलायला घाबरायची, आंटींनी "बहू" म्हणून हाक मारली तरी दाराआड व्हायची, की आता हिंदीत काय विचारणार. वर बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत, परदेशी बाई राहायला आलीय हे माहीत होतं. आंटींनी सांगितलेलं, "अंग्रेज़ नहीं है, साँवली-सी है, हम लोगों जैसी। चर्च के लड़के-लड़कियों को गाना-वाना सिखाएगी।" मी तुला आठ-पंधरा दिवस नुसती पडद्याआडून बघत होते.

आणि एक दिवस तू दारात. डोक्याला मफलर, हातात परातीएवढं गोल काहीतरी. आणि म्हणालीस, "बाय, तुझी आग मला दे गो थोडी."

माझ्या हातातला चिमटा पडला ताई. कितीतरी दिवसांनी मराठी ऐकलं होतं. आणि मराठी पण कसलं, म्हातारीचं! कोकणातल्या म्हाताऱ्या बोलतात तसलं, आणि बोलणारी तू, पँट घातलेली, कुरळ्या केसांची. मी विचारलं तुम्ही कुठल्या, तर म्हणालीस मॉरिशस. मी म्हटलं ते कुठं आलं, तर म्हणालीस, "समुद्रात." आणि हसलीस. मग सांगितलंस, आईकडून तुमची माणसं रत्नागिरीकडची, लई पिढ्यांमागं बोटीत बसून ऊस तोडायला गेली ती परत आलीच नाहीत. बाबा तुझे तिथलेच, चर्चमधले. मराठी तुला आजीनं दिलं. मी म्हटलं ऊस? आमचे हे पण उसाच्याच मागं इकडं आलेत. तू शेगडीपुढं बसलीस, म्हणालीस, "बघ बाय, आपल्या दोघींना उसानंच आणून टाकलं इथं." त्या दिवसापासून तुम्ही-आम्ही गेलं, तू-मी झालं.

ते गोल म्हणजे तुझा रावान. बकऱ्याच्या कातड्याचा, डफासारखा. तू सांगायला लागलीस की धुक्यानं कातडं ढिलं पडतं, मग आवाज बसतो, म्हणून वाजवायच्या आधी आगीवर शेकायचं असतं. मला काय सांगतेस! मी तर बघितल्या बघितल्या ओळखलं होतं. माझा आज्जा हलगी शेकायचा, उसाचं पाचट पेटवून, अशीच फिरवत फिरवत, मधेच बोट मारून बघत. पण मी तुला तेव्हा सांगितलं नाही. आमच्या घरात हलगीचं नाव काढत नाहीत. आज्जा लग्नात वाजवायचा, जत्रेत वाजवायचा, मढ्यापुढं वाजवायचा, आणि सगळ्यांचं झाल्यावर लांब बसून जेवायचा. माझा बाप चर्चमध्ये मोठा झाला, पेटी शिकला, त्यानं ती हलगी चुलीत घातली. म्हणाला आता आपल्या घरात हे नको. म्हणून तू म्हणालीस की मी हे चर्चमध्ये वाजवते, तर मला कसंतरीच झालं. मी म्हटलं, "ताई, देवाच्या घरात पेटी वाजवावी, गिटार वाजवावी. हे कातडं कशाला न्यायचं?"

तू रागावली नाहीस. निखाऱ्यावर रावान फिरवत म्हणालीस, "आमच्याकडं पण असंच म्हणायचे. हे गुलामांचं वाद्य, आत आणू नका. आता आत वाजतं."

"मग काय झालं आत आणून?"

"काही नाही झालं. छत पडलं नाही."

मग तू बोटानं एक ठोका मारलास, ठण्ण झालं, पोटात रुथी हलली की मीच दचकले कोण जाणे. तू माझ्याकडं बघून म्हणालीस, "तू हे शेकताना बघितलंय. तुझे डोळे सांगतात." मग मी आज्ज्याचं सगळं सांगितलं. पहिल्यांदाच कोणाला तरी सांगितलं. तू म्हणालीस वाजवून दाखव, मी म्हटलं छे, बायका वाजवतात का. तू म्हणालीस, "मग मी कोण आहे, गो?"

तेव्हापासून रोजचंच झालं. मी चपात्या उरकायची, मग तू खाली यायचीस, मी म्हणायची आली बघा परात भाजायला. आंटी म्हणायच्या, "सिल्वी बिटिया, इसमें आटा कब गूँधोगी?" तू म्हणायचीस, "संडे को, आंटी।" तुझं हिंदी माझ्यापेक्षा वाईट, पण तू घाबरायची नाहीस ना. सब्जीवाल्या भैयाला तू "तू" म्हणायचीस आणि गल्लीतल्या कुत्र्याला "आप". सगळी गल्ली हसायची, तू पण हसायचीस, आणि दुसऱ्या दिवशी परत तेच.

लोकांना वाटतं गाणं शिकवणं म्हणजे मजेचं काम. त्यांनी तुझा दिवस कुठं बघितलाय. सकाळी गच्चीवर गिटार जुळवायचीस, थंडीनं बोटं वळायची नाहीत, तोंडाची वाफ मारून मारून तारा पिळायचीस. मग सायकल. कॉलेजच्या पोरांकडं, हॉस्टेलमधल्या नागालँडच्या पोरींकडं, मग जुन्या लखनौच्या चौकात त्या चिकनचं भरतकाम करणाऱ्या बहिणी होत्या ना दोघी, त्यांच्याकडं, कारण त्यांना शनिवारी यायला जमायचं नाही तर गाणं तूच घेऊन जायचीस. त्या सुई चालवत गायच्या आणि तू म्हणायचीस सुईचा ताल धरा. शनिवारी चर्चमध्ये तरुणांची सभा. सूर चुकला तर तू कधी ओरडली नाहीस, पण उशीर केला तर सोडायची नाहीस. ती सगळी पोरं तुझ्या मातीला वेळेच्या आधी येऊन उभी होती ताई. एकजण मागून धावत आला, तर बाकीच्यांनी त्याच्याकडं असं बघितलं, आणि तो रडायलाच लागला.

आणि तू आतून किती एकटी होतीस ते मला माहीत आहे. हजरतगंजला त्या ऑफिसात परदेशी माणसांना नाव लिहायला जावं लागतं, तिथून तू दमून यायचीस. मला म्हणायचीस, "सगळा दिवस विचारतात, का आलीस, कधी जाणार." मग न जेवता वर जायचीस, आणि वरून तुमच्या भाषेतलं काहीतरी ऐकू यायचं, मला एक शब्द कळायचा नाही, पण मी चपाती झाकून जिन्यावर ठेवायची. सकाळी ताट घासलेलं असायचं. आणि रविवारचा तो पीसीओ! तू आईला फोन लावायचीस आणि दोघी बोलायच्याच नाहीत. तिकडून ती गायची, इकडून तू. पीसीओवाला भैया कपाळाला हात लावायचा, "अरे दीदी, मीटर भाग रहा है, हाल-चाल तो पूछ लीजिए!" तू त्याला हातानं थांब म्हणायचीस. बाहेर आल्यावर मी विचारलं, आई काय म्हणाली, तर म्हणालीस, "आज तिचा आवाज बसलाय, सर्दी झालीय." बोलून कळलं नसतं तेवढं तुला गाण्यातून कळायचं.

आता रुथीचं. ते बोलायलाच पाहिजे.

रुथीच्या वेळेला हे लखीमपूरला अडकलेले. तूच मला ऑटोत घालून नेलंस, माझ्या पाठीवर हात थोपटत गात होतीस, ऑटोवाला म्हणाला, "दीदी, थोड़ा धीरे, हॉर्न सुनाई नहीं दे रहा।" मला कळा येत होत्या तरी हसू आलं. रुथी झाली, तू तिला आधी घेतलंस मग मी. आणि पोर कशी निघाली, किती शांत. कुकर वाजला तरी झोपलेली. आंटींच्या नातवानं दिवाळीत अंगणात ॲटमबॉम्ब लावला, मी कान दाबून कोपऱ्यात, आणि रुथी पाळण्यात आपली मुठीशी खेळतीय. मी किती मिरवले गं! चर्चमध्ये बायकांना सांगायची, मी अशी भित्री, पण माझी पोर बघा, कशालाच घाबरत नाही. त्या म्हणायच्या, "प्रभु की शांति है बच्ची पर।" मला वाटायचं देवानं माझं सगळं भ्यायचं माझ्याकडंच ठेवलं, पोरीकडं जाऊ दिलं नाही. ह्यांना सांगितलं तर हे पण खूश, म्हणाले वाघीण आहे.

म्हणून तर नाताळाच्या नाटकात येशूबाळ म्हणून रुथीलाच घेतलं. तूच म्हणालीस, दुसरी पोरं रडतात, ही रडणार नाही. मी तिला पांढऱ्या फडक्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवली, गवतावर, आणि पहिल्या रांगेत बसले. छाती एवढी फुगलेली. तू गव्हाणीच्या मागं रावान घेऊन उभी. देवदूत येतो तिथं तू जोरात वाजवायचं असं ठरलेलं, आणि तू काय वाजवलंस! मेंढपाळ झालेला तो जाडा पोरगा, त्याला माहीत होतं तरी तो उडाला, त्याची काठी पडली, सगळे हसले. आणि रुथी तुझ्या हाताखाली पडलेली, डोळे उघडे, वर कागदाचा तारा हलत होता त्याच्याकडं बघत. पापणी पण हलली नाही. लोक म्हणाले वा. कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

आणि तू थांबलीस. तुझा हात वरच राहिला. पोरं तशीच गात राहिली, ताल नाही काही नाही, आणि तू रुथीकडं बघत होतीस. मला वाटलं विसरलीस. मी तुला खुणा केल्या, वाजव, वाजव म्हणून.

दुसऱ्या दिवशी तू रावान न घेता खाली आलीस. रुथी सतरंजीवर बसलेली. तू तिच्या मागं गेलीस, टाळी वाजवलीस. मग चमचा पेल्यावर आपटलास. मग माझं पितळी ताट उचललंस आणि फरशीवर टाकलंस. बाहेरून आंटी ओरडल्या, "क्या टूटा?" रुथी तिच्या पायाच्या अंगठ्याशी खेळत होती.

मी म्हटलं, "ताटाला पोचा आला ताई. माहेरचं आहे."

तू खाली बसलीस, माझा हात धरलास. "बाय, तिला ऐकू येत नाही."

"येतं."

"येत नाही गो. चौकातल्या मोठ्या हॉस्पिटलात कानाचे डॉक्टर आहेत. उद्या जाऊ."

"ती घाबरत नाही, एवढंच. सगळीच पोरं काय रडकी असतात?"

"माझ्या मामाची मुलगी अशीच होती. सगळे म्हणायचे किती शहाणी. चार वर्षांची झाली तेव्हा कळलं."

मी हात सोडवून घेतला. मी म्हटलं तुला लेकरू नाही, तुला काय कळतं. तू पण काही कमी नव्हतीस, तू म्हणालीस, "तुला शूर पोर पाहिजे. ही जी आहे ती नको." हे तू बोललीस ताई. गेलेल्या माणसाला कोणी असं म्हणत नाही, पण ते मला अजून टोचतं, आणि मी पण बोलले ते तुला टोचलं असणार, फिटंफाट. मग तू वर गेलीस आणि रावान घेऊन आलीस, म्हणालीस, "एकदा हिला ह्याच्यावर ठेवू दे. पोटावर. मी हळू वाजवते. कानानं नाही तर अंगानं तरी कळेल तिला, आणि तुला पण कळेल." मी रुथीला उचललं आणि छातीशी धरलं. मला काय वाटलं सांगू? वाटलं, ठेवली आणि तरी हलली नाही तर? मग मी काय करू? ह्यांना काय सांगू? मी म्हटलं, "माझ्या पोरीला त्या कातड्यावर ठेवायचं नाही." बापासारखीच बोलले.

मग किती दिवस तू गच्चीवर कागद जाळून रावान शेकत होतीस. जळक्या पेपरचा वास खाली यायचा. मी चपात्या झाल्या तरी शेगडी विझवायची नाही, उगाच कोळसा घालत बसायची. आंटी म्हणाल्या, "दोनों का दिमाग ख़राब है। एक ऊपर धुआँ करे, एक नीचे।" मग एका सकाळी तू आलीस, निखाऱ्यावर रावान धरलास. मी पाट सरकवला. मला वाटलं होईल हळूहळू. वेळ आहे म्हटलं. तू तरुणांचं शिबिर घेऊन गावाकडं जाणार होतीस, म्हटलं आल्यावर बोलू.

शिबिरातून आलीस तीच पिवळी होऊन. डोळे हळदीसारखे. तरी शनिवारी सायकल काढलीस, पोरं वाट बघतील म्हणून. आंटींनी मंतरून झाडणाऱ्या बाबांकडून गळ्यात घालायला काड्यांची माळ आणली, कावीळ उतरली की माळ लांब होते म्हणे. तू ती घातलीस पण, आंटींना वाईट नको वाटायला. मला हळूच म्हणालीस, "ताल नाही हिला, नुसती लोंबते." मग ओकाऱ्या, मग शुद्ध जायला लागली, मग हॉस्पिटल. पाद्रीसाहेब आणि पोरं आळीपाळीनं बसायची. मी रुथीला कडेवर घेऊन आले तेव्हा तू जागी होतीस. तुझे ओठ फुटलेले. तू रुथीकडं बघितलंस, मग आपल्या कानाला बोट लावलंस आणि माझ्याकडं बघितलंस.

मी म्हटलं, "हे आले की जाते."

तू मान हलवलीस, नाही म्हणून.

मी म्हटलं, "मला भीती वाटते ताई."

मला वाटलं म्हणशील घाबरू नको. सगळे तेच म्हणतात, माझी आई, हे, पाद्रीसाहेब. तू म्हणालीस, "घाबरत घाबरत जा." आणि डोळे मिटलेस. बोटं चादरीवर हलत होती, ताल धरल्यासारखी. मी बघत बसले कुठलं गाणं आहे ते. कळलं नाही.

तू गेल्यावर पाद्रीसाहेब पीसीओवरून तुझ्या घरी फोन करायला गेले, मला बरोबर नेलं. त्या भैयानं मीटरचा तो लाल आकड्यांचा डबा भिंतीकडं फिरवून ठेवला आणि स्वतः बाहेर जाऊन उभा राहिला. साहेब इंग्लिशमध्ये बोलले.  मग तिकडून एकदम म्हातारा आवाज आला, साहेबांनी फोन माझ्या हातात दिला. आजी होती. मला वाटलं विचारेल कशी गेली, काय झालं. ती म्हणाली, "गो बाय, माझं चेडू नीट जेवत होतं काय गो तिथं?" मी म्हटलं, हो आजी, जेवत होती, माझ्या हातच्या चपात्या खायची. मग आम्ही दोघी नुसत्या धरून बसलो फोन. आजी, हे तुम्ही ऐकत असाल तर, ती खरंच जेवत होती. जिन्यावरचं ताट सकाळी रिकामं असायचं.

तुझं सामान बांधलं तेव्हा गिटार पोरांनी ठेवली. रावान घरी पाठवायचा का म्हणून साहेबांनी विचारलं. मी म्हटलं पाठवू नका, मला द्या. ते बघतच राहिले, कारण मी कधी कोणाकडं काही मागितलेलं नाही.

आणि ताई, मी गेले. ह्यांची वाट न बघता. आंटींना घेऊन, चौकापर्यंत ऑटोनं, पुढं गर्दीतून रुथीला पोटाशी धरून. दर चार पावलांवर मी थांबत होते, शेवटी आंटी म्हणाल्या, "तुम बच्ची को पकड़ो, मैं तुमको पकड़ती हूँ।" डॉक्टरबाईंनी तिच्या मागून घंटी वाजवली, खुळखुळा वाजवला. मग झोपवून डोक्याला वायरी लावल्या. रुथी कशालाच रडली नाही. तिथली नर्स म्हणाली, "अरे, कितनी बहादुर है!" आणि मी एकदम मोठ्यानं रडायला लागले, तिला बिचारीला कळेना ती काय चुकीचं बोलली.

डॉक्टरबाई म्हणाल्या, ऐकू फारच कमी येतं, जवळजवळ नाहीच. कानाला मशीन लावायचं, रोज तोंडासमोर बोलायचं, शिकवायचं, लई मेहनत आहे. मग विचारलं, "इतनी छोटी है, आपको पता कैसे चला? लोग तो तब लाते हैं जब बच्चा बोलता नहीं।" मी म्हटलं, मुझे नहीं पता चला, मेरी बहन को पता चला. त्या म्हणाल्या, बहन को भी साथ लाइएगा. मी हो म्हटलं. 

घरी आले. शेगडी पेटवली. ओढणी सोडून रावान काढला, ढिला पडला होता, धुकं लागून. निखाऱ्यावर धरला, फिरवला, मधेच बोट मारून बघितलं. हात आपोआप आज्ज्यासारखा फिरत होता. ठण्ण आवाज आला तेव्हा सतरंजीवर दोन विटा मांडून रावान त्यावर टेकवला, आणि रुथीला त्यावर पालथं निजवलं, तू म्हणाली होतीस तसं. माझा हात उचलेना. आंटी दारात उभ्या. मी म्हटलं ताई, घाबरत घाबरत करते. आणि कडेला वाजवलं, हलगीचा पहिला ठोका, आज्जा मारायचा तो, एका हातानं पोरीला धरून.

रुथीचे डोळे मोठे झाले. अंग ताठ झालं. तिनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, खालचा ओठ बाहेर आला, थरथरायला लागला, आणि तिनं जे भोकाड पसरलं ना ताई, उचलली तर माझ्या मानेला अशी घट्ट बिलगली की सुटेना.

घाबरली गं. माझी पोर घाबरली! मी रडत होते, हसत होते, आंटींना ओरडून सांगत होते, "डर गई आंटी! देखो, डर गई!" आणि आंटी डोळे पुसत म्हणत होत्या, "हाँ हाँ, डर गई, अब चुप तो करा उसको।"

मी तिला गप्प केलं. पदरानं नाक पुसलं. मग ती माझ्या खांद्यावरून खाली रावानकडं बघायला लागली, बघतच राहिली, आणि हुंदके देत देत हात खाली केला, त्याच्यावर ठेवायला.

मी परत वाजवलं. तू बघायला पाहिजे होतीस.